हाराचा फोटो

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर ईराने विचारलं, "आजी, शाळेत आजी-आजोबांच्या गावातल्या रस्त्यांचे फोटो मागितलेत. सोलापूरचे तुझ्याकडे आहेत का?" मी म्हणाले, आहेत. किती आहेत ते सांगितलं नाही. माझ्या लोखंडी कपाटाचा खालचा अख्खा कप्पा त्यांनी भरला आहे. त्यातले निवडक तुमची आई तुम्हाला दाखवील. पण ते मी काढलेले नाहीत, आणि ज्या बाईने काढले तिच्याबद्दल काही न सांगता ते नुसते पाठवून देणं मला बरोबर वाटेना. म्हणून आधी हे पत्र. निहारचं मराठी वाचन सावकाश चालतं हे मला माहीत आहे. काही घाई नाही.

तिचं नाव शमीम नदाफ. आमच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि ती चित्रकला. मुली तिला नदाफबाई म्हणत. मी वयाने मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची आणि मी तिला नुसतं शमीम. आमच्या घरासमोरच्याच घरात वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. माझ्या गॅलरीतून तिची गॅलरी दिसे, आणि आमचं अर्धं बोलणं रस्त्यावरूनच व्हायचं.

ठेंगणी, सावळी, चालण्यात कायम घाई. उजव्या हाताची दोन बोटं तपकिरी. फोटो धुण्याच्या औषधाने ती तशी झाली होती. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना ते माहीत नव्हतं. एकदा त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "नदाफबाई, तुम्ही मिश्री लावता का हो? मुलींसमोर बरं दिसत नाही." शमीम स्टाफरूममध्ये आली ती हसत-हसत खुर्चीत कोसळलीच. नंतर कितीतरी वर्षं, ती फोटो धुवायला बसणार असली की मला गॅलरीतून ओरडून सांगायची, "ताई, मी मिश्री लावायला बसले हां, दार वाजवू नका!"

तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर दुकान भावाकडे गेलं आणि त्याने तिथे मोबाईल विकायला सुरुवात केली. वडिलांचा कॅमेरा आणि फोटो मोठे करायचं यंत्र कुणालाच नको होतं, ते शमीमने उचलून आणलं. न्हाणीघराला काळा पडदा लावला, आत लाल दिवा. झाली तिची खोली.

शाळा दुपारची असल्यामुळे सकाळ तिची असे. चहा झाला की भाजीची पिशवी घेऊन निघायची. पिशवीत खाली कॅमेरा, वर कोथिंबीर. परत येताना तीच कोथिंबीर पिशवीत असायची, कोमेजलेली. रोज कोथिंबीर विकत घेऊन रोज ती फुकट घालवणारी बाई म्हणून आमची भाजीवाली तिला नावं ठेवायची.

सोलापूर म्हटलं की लोक तळ्याकाठच्या देवळाचा फोटो काढतात, संध्याकाळचा, पाण्यात सावली पडलेला. तो तिने कधी काढला नाही. म्हणायची, "ते काम कॅलेंडरवाले करतात की." तिला हवे असत ते रस्ते: चादरींचे गठ्ठे सायकलवर लादून जाणारे लोक, एसटी स्टँडसमोर कडक भाकरीच्या चळती लावून बसलेल्या बायका, जोडबसवण्णा चौकाच्या पुढे पूर्व भागातल्या गल्ल्या. तुम्हाला सांगायला हवं, त्या भागात बहुतेक घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. पुरुष मागावर जातात, बायका उंबऱ्यात बसून विड्या वळतात आणि सकाळी कारखान्यात नेऊन देतात.

शमीम तिथे गेली की पहिल्या दिवशी कॅमेरा काढायचीच नाही. पायरीवर बसायची, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं ऐकायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कॅमेरा बाहेर यायचा. मग बायका कामं टाकून सरळ बसायच्या, पदर नीट करायच्या, आणि ही ओरडायची, "इटु चूडद्दु!" म्हणजे तेलुगूत, इकडे बघू नका. तेवढी तेलुगू तिला पक्की येत होती. शाळेतल्या पूर्व भागातल्या मुलींना ते कळलं, मग काय, तिने फळ्याकडे पाठ फिरवली की मागून आवाज यायचा, "इटु चूडद्दु!" ती रागवायची नाही. "अगं, चित्राकडे तरी बघा," म्हणायची.

ज्याचा फोटो काढला त्याला तो नेऊन द्यायचा, हा तिचा नियम. त्यावर तक्रारी ठरलेल्या. एक भाकरीवाली म्हणाली, "बाई, माजं तोंड उघडं आलंय की यात." शमीम म्हणाली, "मिटलेलं कधी सापडलंच नाही अक्का, मी तरी काय करू?" आजूबाजूच्या बायका एवढ्या हसल्या की गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी गल्लीचं रूप वेगळंच असतं. नळ्या, घागरी, पिंप, भांडणं. शमीम एकदा अशाच वेळी पूर्व भागात गेली. कॅमेरा डोळ्याला लावते तोच मागून एक आवाज, "ए फोटूवाली! फोटू मागनं काढ, आदी ही नळी धर!" शमीमने नळी धरली. पाणी जाईपर्यंत धरली. संध्याकाळी चिंब साडीचा काठ पिळत मला म्हणाली, "एक फोटो मिळाला नाही ताई. पण नरसक्काचं पिंप भरलं."

अशी तिची नरसक्काशी ओळख झाली. नरसक्का विड्या वळायची. उंच, हाडकुळी, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल एवढा. घरी एक मुलगी, लक्ष्मी, तेव्हा नुकतं लग्न झालेली. जावई यंत्रमागावर कामाला होता आणि ती दोघं नरसक्काजवळच राहत. नरसक्काचा एक फोटो शमीमने काढला, तो तिच्या सगळ्या कामातला मला सगळ्यात चांगला वाटतो. मांडीत सूप, दोऱ्याचं टोक दातात, डोळे हातातल्या विडीवर, आणि मागे गल्लीतून एक कोंबडी ऐटीत चाललेली. फोटो काढला जातोय हे नरसक्काला माहीत असावं असं वाटतच नाही. आणि तिला ते माहीत होतं, कारण त्या वेळी ती शमीमला शिव्या देत होती म्हणे.

इथे एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या गल्लीतल्या घरांत भिंतीवर दोनच प्रकारचे फोटो असत, एक लग्नातला आणि दुसरा हाराचा. माणूस गेलं की त्याचा मोठा फोटो चौकटीत लावून त्याला हार घालतात. चांगला फोटो कुणाचा नसतोच, मग ओळखपत्रावरचं तोंड मोठं करून आणायचं. शमीमच्या वडिलांचं अर्धं दुकान त्याच कामावर चालायचं. काही वेळा तोही फोटो नसे, मग ते मेलेल्या माणसाचाच फोटो काढून आणत आणि लहान शमीमला रंगवायला बसवत. मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशने उघडे डोळे काढायचे. तिचा हात चांगला म्हणून ते काम तिचं. हे तिने मला एकदाच सांगितलं, स्टाफरूममध्ये पेपर तपासताना, मान वर न करता. शेवटी म्हणाली, "आब्बांना सांगितलं, दुसरं काहीही सांगा, हाराचे फोटो नक्को. मी काढीन ते चालत्या-बोलत्या माणसांचे." रस्त्यावर ती जे करत होती ते सगळं ह्यातून आलं होतं. त्या वाक्याखेरीज तिने त्याचं कारण कधी कुणाला सांगितलं नाही.

तुमची आई कॉलेजात होती त्या वर्षी शहरातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये शमीमच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. तिचं पहिलं आणि शेवटचं. नरसक्काचा फोटो सगळ्यात मोठा करून, स्टँडवर, समईच्या शेजारी ठेवला होता. नरसक्का स्वतः लक्ष्मीला घेऊन आली होती, नवी हिरवी साडी नेसून, पहिल्या रांगेत. मी तिसऱ्या रांगेत होते.

आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नाही. पाहुणे येतात, सरस्वतीच्या नाहीतर संस्थापकांच्या तसबिरीला हार घालतात, मग समई. त्या दिवशी हार आला होता, सरस्वतीची तसबीर घेऊन येणारी रिक्षा मात्र कुठेतरी अडकली होती. सूत्रसंचालकांनी सवयीने जाहीर केलं, "आता पाहुण्यांच्या हस्ते प्रतिमापूजन होईल." पाहुण्यांच्या हातात तबक आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समईशेजारी एका वयस्क बाईचा मोठा फोटो दिसला. त्यांनी त्याला हार घातला, फुलं वाहिली आणि डोळे मिटून हात जोडले. मागच्या रांगांनी टाळ्याही वाजवल्या.

पुढच्या रांगेत कुणी हलेना. मग नरसक्का उभी राहिली.

"अय्यो!" ती म्हणाली. "मी हितंच हाय की!"

हॉलमध्ये हशा पिकला. पाहुणे लालबुंद झाले. "माफ करा हं बाई, मला वाटलं तुम्ही संस्थेच्या संस्थापिका असाल," म्हणाले, त्यामुळे लोक आणखीच हसले. शमीम धावत जाऊन हार काढत होती, पण तो स्टँडच्या खिळ्यात अडकला. नरसक्काच पुढे आली, तो सोडवला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. "फोटूला कशाला? मला घाला की," म्हणाली आणि पाहुण्यांनाच नमस्कार करून जागेवर जाऊन बसली. सगळा कार्यक्रम ती झेंडूचा हार घालून बसली होती. पाहुणे भाषणात तिच्याकडे बघणं टाळत होते.

लक्ष्मी मात्र हसली नाही. तिने आईचा दंड धरून ठेवला होता.

नरसक्काचा खोकला जुना होता. तंबाखूत आयुष्य घालवलेल्या किती तरी बायकांना तो असतो. त्या थंडीत तो वाढला, सरकारी दवाखाना झाला, आणि संक्रांतीच्या गड्ड्याची जत्रा उठायच्या आत ती गेली.

गल्लीने शमीमला दोष दिला नाही. तसं झालं असतं तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. शमीम तिथे गेली की बायका "या" म्हणायच्या, चहा द्यायच्या. पिशवीतून कॅमेरा निघाला की कुणीतरी म्हणायचं, "आज नको बाई." एका म्हातारीने पाळण्यातल्या नातवाच्या तोंडावर फडकं टाकलं. ओळखीच्या मुली पदराने चेहरा झाकून आत जायच्या. एकदा लक्ष्मीच बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, तुमची चूक न्हाय, मला कळतंय. पन लोकं भ्यालीत. तुमचा फोटू म्हंजे हाराचा फोटू, असं म्हनायलेत. कॅमेरा नका आनू."

त्या संध्याकाळी शमीम माझ्याकडे आली. मी भाजी निवडत होते, तीही निवडायला बसली. एक जुडी सोडवत म्हणाली, "'नको' म्हणाले असते ना ताई, तर मी भांडले असते. सगळे 'आज नको' म्हणतात. मी रोज परत जाते."

आणि ती जात राहिली, वर्षभर तरी. मग थांबली. तिने फोटो काढणं सोडलं नाही, पण माणसं सोडली. त्यानंतरचे तिचे फोटो म्हणजे दारं, उंबऱ्याबाहेरच्या चपला, वाळत घातलेल्या साड्या, रिकामी सुपं. तुमच्या आजोबांना ते आवडत. मीही तिला म्हटलं, छान आहेत गं. "यात आवाज नाही ताई," म्हणाली आणि पाकीट बंद केलं.

पुढे आम्ही दोघी निवृत्त झालो. मग ती करोनाची साथ आली. ते दिवस तुम्हाला तुमच्या गावचे आठवत असतील, इथले मी सांगते. माग बंद, विडीचे कारखाने बंद, रस्ते मोकळे. माणूस दवाखान्यात जायचं ते परत यायचं नाही, आणि वारलं तरी देह घरी देत नसत. मी वयामुळे गॅलरीच्या बाहेर जात नव्हते. पुढचं सगळं मी गॅलरीतूनच पाहिलं.

एका सकाळी शमीमच्या घराखाली एक बाई येऊन उभी राहिली. तोंडाला पदर, केस विस्कटलेले, पूर्व भागातून चालत आलेली. मी ओळखलं नाही. शमीमने आवाजावरून ओळखलं.

"बाई, मी लक्ष्मी."

"कोण गेलं गं?" शमीमने एकदम विचारलं.

"आमचे हे." मग म्हणाली, "तोंड बी बघू दिलं न्हाई बाई. घरात फोटू न्हाई. कार्डावरचा मोठा करून आनला, ते तोंडच न्हवं त्यांचं. तुमी त्या वक्ताला आमच्या गल्लीत लई फोटू काढला होता की. त्यात असतील का?"

शमीम आत गेली. लाल दिवा लागला असणार. त्या काळात कागद मिळत नव्हता, तिच्याकडे जुना उरलेला होता, त्यामुळे फोटो जरा करडा आला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी आली तेव्हा शमीमने भाजीची पिशवी दोरीला बांधून खाली सोडली. पिशवीत पाकीट, पाकिटात फोटो. चहाच्या टपरीवरच्या फुटक्या आरशात बघून एक तरुण केस विंचरतो आहे, कामावर जायच्या आधी, आणि आरशातला आपला चेहरा त्याला फार पसंत पडलेला आहे. लक्ष्मी तो हातात धरून तिथेच रस्त्यावर बसली. "असंच करायचे बाई," ती वर बघून म्हणाली. "धा-धा मिंटं." मग रडायला लागली, आणि वरून शमीम. मधल्या मोकळ्या रस्त्यावर फक्त एक पोलीस होता. तो पाठ फिरवून चौकाकडे गेला.

गल्लीत ते पसरलं. मग रोज कुणीतरी खाली उभं. कुणाचा सासरा, कुणाची जाऊ. काहींचे चेहरे सापडले, काहींचे नाही, काही जण गर्दीत मागे अर्धेच उभे होते. लोक म्हणत, "मागचं काढून टाका बाई, नुसतं तोंड द्या." शमीम तोंडही द्यायची आणि अख्खा फोटोही, मागच्या सायकलीसकट, कुत्र्यासकट. पिशवी दिवसभर वर-खाली होत असे.

तिच्या गॅलरीत ओले फोटो चिमट्यांनी लावलेले असत. एका दुपारी ती त्यांच्यामागे उभी होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणाली, "शेवटी हारालाच लागले ना ताई."

मी इंग्रजीची शिक्षिका, आयुष्यभर शब्दांचं काम केलेलं. मी म्हटलं, "जेवलीस का?"

"हौ," म्हणाली. जेवली नव्हती.

साथ ओसरल्यावर लक्ष्मीचा निरोप आला: या की बाई, कॅमेरा घेऊन या. शमीमने सकाळी लवकर मला हाक मारली. "चला ताई, आज तुम्हीपण चला." इतक्या वर्षांत तिने मला कधी बरोबर नेलं नव्हतं. आम्ही रिक्षाने गेलो. तिला तेव्हा धाप लागायची, पण गल्लीच्या तोंडाशी ती रिक्षातून जवळजवळ उडी मारून उतरली.

गल्ली तयार होती. घरासमोर सडे घातलेले, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांना तेल लावून, ओळीने उंबऱ्यांत बसलेल्या. मांडीत सूप कुणाच्याच नव्हतं. हात गुडघ्यांवर, माना ताठ, डोळे समोर. एक म्हातारी म्हणाली, "नीट काढा बाई. सरळ काढा. पुढं लागतंय."

शमीमने कॅमेरा अर्ध्यावर धरला होता. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, ती आता नाही म्हणेल. किंवा तिचं ते नेहमीचं ओरडेल. ती ओरडली नाही. पुढे गेली, म्हातारीच्या पदराचं टोक सारखं केलं, हनुवटीला हात लावून मान जरा उजेडाकडे वळवली, आणि फोटो काढला. मग शेजारच्या दारात गेली. पुरुष बाहेर आले, त्यांचे काढले. लक्ष्मीचाही काढला. सगळे कॅमेऱ्यात बघत होते, न हसता. उन्हं वर येईपर्यंत ती एकेका दारात थांबत पुढे सरकत राहिली. कुणालाही तिने "इटु चूडद्दु" म्हटलं नाही, आणि कुणी "आज नको" म्हटलं नाही.

येताना रिक्षात कॅमेरा तिच्या मांडीवर, पिशवीबाहेरच होता, पिशवी घडी करून बाजूला. माझ्या दाराशी मी उतरले. तिला भावाच्या घरी पुढे जायचं होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळताना तिने बाजूने डोकं बाहेर काढलं. आमच्या रस्त्यावर तेव्हा एक पोरगी नळावर कळशी घासत होती आणि तिच्याच नादात काहीतरी गुणगुणत होती. शमीम तिच्याकडे बघत होती, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत. कॅमेरा तिने उचलला नाही.

त्याच आठवड्यात भावाच्या घरी झोपेतच तिचं हृदय थांबलं. त्या दिवशीची फिल्म कॅमेऱ्यातच होती. भावाने ती पुण्याहून धुवून आणली आणि मी प्रत्येक घराचा फोटो लक्ष्मीकडे पोहोचवला.

तिचा वडिलांपासूनचा कॅमेरा आणि यंत्र भावाकडे आहेत. निगेटिव्ह माझ्याकडे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या आणि कोरडं कापड घालून. नरसक्काचा मोठा फोटो लक्ष्मीच्या घरात आहे. त्या गल्लीत नव्या रंगाच्या भिंतींवर शमीमने काढलेले बरेच फोटो आहेत, काहींना हार आहेत, बऱ्याच जणांना अजून नाहीत.

तुमची,
आजी